पेढ्याची जखम आणि रविवारची धुलाई

पत्र, थोडक्यात: नाशिकहून एका ताईंनी लिहिलं आहे. घरी दोन फुटी काचेची टाकी, त्यात तीन गोल्डफिश. त्यातला केशरी ओरांडा म्हणजे 'पेढा', नऊ वर्षांच्या मुलाचा जीव की प्राण. ताई दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करतात, खडे, फिल्टर, शोभेचा किल्ला सगळं घासून काढतात आणि नळाचं ताजं पाणी भरतात. गेल्या रविवारी जाळीत धरताना पेढा उसळला आणि किल्ल्याच्या बुरुजाला घासला. उजव्या कुशीवरचे तीनचार खवले गेले, नखाएवढी गुलाबी जागा उघडी पडली. तो खातोय, पोहतोय. पण घरात प्रत्येकाचं औषध वेगळं. दुकानदारानं निळ्या औषधाची बाटली दिली आणि रोज सगळं पाणी बदलायला सांगितलं. सासूबाई म्हणतात हळद लावा. दीर म्हणतात घरात टेट्रासायक्लिनची उरलेली कॅप्सूल आहे, ती फोडून टाका. नवरा म्हणतो, शंभराच्या आतला मासा, तसाच दुसरा आणून सोडू, पोराला कळायचंही नाही. ताई विचारतात, "यातलं नेमकं काय करू? माझ्याच हातून झालेली जखम आहे, भरेल ना?" पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे: "तसा तो दर रविवारी धुतल्यावर एकदोन दिवस खड्यांवर अंग घासतो, खेळकर आहे."

उत्तर

ताई, आधी हातातली बाटली खाली ठेवा आणि कॅप्सूल परत डब्यात टाका. हळदीचं नंतर बघू.

तुम्ही लिहिलंय त्यावरून ही जखम किरकोळ आहे. मांस दिसत नाही, खड्डा पडलेला नाही, डोळा आणि कल्ले शाबूत आहेत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेढा जेवतोय. अशी जखम भरते. बहुतेक वेळा कुणी काही न करता भरते, आणि पुष्कळदा आपण काहीतरी केल्यामुळेच ती चिघळते.

कुठलं औषध, असं विचारताना तुम्ही एक गोष्ट धरूनच चालला आहात की जखम झाली म्हणजे तिच्यावर काहीतरी लावलंच पाहिजे. आपल्या फुटलेल्या गुडघ्याचं गणित तुम्ही माशाला लावताय. आपली जखम हवेत वाळते, तिच्यावर खपली धरते. माशाला खपली धरणार कशी, तो चोवीस तास पाण्यात! त्याची तऱ्हा वेगळी. माशाचे खवले वरून चिकटवलेल्या टिकल्यांसारखे नसतात. ते कातडीच्या आतल्या थरातून उगवतात आणि त्यांच्यावरून आणखी एक पातळ जिवंत कातडी असते. म्हणून खवला निघाला की कातडी सोलवटते. पण या वरच्या कातडीच्या पेशी फार चपळ असतात. जखमेच्या कडेवरून त्या सरकत सरकत येतात आणि लहानशी उघडी जागा दिवसभरात, कधी त्याहूनही लवकर, झाकून टाकतात. खालची डागडुजी मग निवांत चालते. तुमचं पत्र माझ्या हाती पडेपर्यंत पेढ्याच्या अंगावर हे पहिलं पांघरूण बहुधा आलेलंही असेल.

त्यावर असतो तो बुळबुळीत थर. बाजारात मासा हातात घेतल्यावर बोटांना लागतो, तोच. आपल्याला तो किळसवाणा वाटतो, पण माशाचं मलम आणि मलमपट्टी दोन्ही तेच आहे. जंतूंना अडवणारे पदार्थ त्यात असतात. माशाला कोरड्या हातानं धरणं, फडक्यात गुंडाळणं, जखम पुसणं, जाळीत दोनदा घोळवणं, या सगळ्यांत आधी हा थर जातो.

आता सासूबाईंची हळद. त्यांना हसू नका. शेततळ्यातल्या माशांना व्रण पडले की चुना आणि हळद टाकायची पद्धत आपल्या देशात आहे. १९८८ च्या सुमारास माशांच्या व्रणांची मोठी साथ भारतात शिरली, तेव्हापासून मत्स्यशेती करणारे हा उपाय करत आले आहेत. पण तळं वेगळं आणि बैठकीतली पंचेचाळीस लिटरची टाकी वेगळी. हळद पाण्यात विरघळत नाही. तिची पूड पाण्यात तरंगते आणि कल्ल्यांत जाऊन बसते. आणि लावायची म्हटली तर पेढ्याला बाहेर काढून, टिपून, चोळून लावावी लागणार. म्हणजे जिथे चार खवले गेलेत तिथे आणखी आठ जाणार. सासूबाईंना हे असंच सांगा, त्यांना पटेल. हळद पाण्यात विरघळत नाही हे त्यांच्याइतकं कोण जाणतं? आणि कुणी डेटॉलचं नाव काढलं तर मात्र तिथल्या तिथे थांबवा. ते माशांना जहाल विष आहे. नुसत्या डेटॉल लागलेल्या हातानंही टाकीत हात घालू नये.

दिराची कॅप्सूल तर नकोच. आपल्या पाण्यातल्या कॅल्शियमला टेट्रासायक्लिन चिकटून बसतं, त्यामुळे कठीण पाण्यात टाकलेल्या कॅप्सूलमधलं किती औषध माशापर्यंत पोचेल याचा भरवसा नाही. जंतू मरायला कमी आणि औषधाला सरावायला पुरेसं, एवढंच बहुधा उरतं. शिवाय या जखमेत मारण्याजोगे जंतू आहेत असं अजून तरी काहीच दिसत नाही.

निळं औषध म्हणजे बहुतेक मिथिलीन ब्लू. ते टाकाऊ नाही. अंड्यांवर किंवा जखमेवर कापसासारखी बुरशी आली, तर वेगळ्या टबात ते कामाला येतं. पण मुख्य टाकीत ओतलं तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारतं आणि काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन कायमचं निळं करून ठेवतं. बाटली फेकू नका, कपाटात ठेवा. नाही लागली तर उत्तम.

आणि आता ती शेवटची ओळ. सगळ्या पत्रात मी सर्वांत जास्त वेळ तिथे थांबलो.

दर रविवारी धुतल्यावर एकदोन दिवस तो खड्यांवर अंग घासतो. ताई, हा खेळ नाही. माशाला हात नाहीत; अंगाची आग झाली, खाज सुटली तर तो दगडावर अंग घासतो, गुरं खांबाला घासतात तसं. परजीवी झाले तरी मासे असंच करतात. पण तसं असतं तर पेढ्यानं आठवडाभर घासलं असतं. तो घासतो रविवार-सोमवारी आणि मग थांबतो. म्हणजे जे काही झोंबतंय ते रविवारच्या पाण्याबरोबर येतंय आणि मंगळवारपर्यंत उडून जातंय. माझा संशय क्लोरीनवर आहे. पावसाळ्यात धरणातून गढूळ पाणी येतं तेव्हा पाणीपुरवठ्यात क्लोरीन वाढवतात. सकाळच्या चहालाही त्याचा वास येतो, तुम्हालाही कधी आला असेल. आपल्याला तो वास, पण पेढ्याला तेच पाणी कल्ल्यांतून श्वासाबरोबर घ्यायचं असतं. क्लोरीन कल्ले आणि बुळबुळीत थर, दोन्ही भाजतं.

हे झालं नव्या पाण्याचं. जे जुनं पाणी तुम्ही फेकता आणि जो स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा करता, त्याचं गणित आणखी वाईट आहे. गोल्डफिश हा रोहू-कटल्याच्या कुळातला मासा. त्याला जठर नसतं, खाल्लेलं भराभर पुढे सरकतं, आणि तो आकाराच्या मानानं घाण फार करतो. त्याच्या शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. फिल्टरच्या स्पंजात आणि खड्यांवर राहणारे जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं त्या मानानं सौम्य. जिवाणूंची ही वस्ती नव्या टाकीत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्या टाकीत तिला सातवा दिवस काही दिसत नाही. विरजणाचं भांडं रोज साबणानं घासून लख्ख केलंत तर दुसऱ्या दिवशीचं दही लागायचं कशाचं? तुमची टाकी दर रविवारी नव्यानं सुरू होते, आणि दर शुक्रवार-शनिवारी तीन गोल्डफिश आपल्याच अमोनियात पोहत असतात. पाणी दिसायला मात्र स्वच्छच. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून "माझ्याच हातून झालेली जखम" हे तुमचं वाक्य मला अर्धंच पटतं. जाळीतून मासा निसटतो, माझ्या हातूनही निसटला आहे. तो एका क्षणाचा अपघात. खरा त्रास त्या क्षणात नाही, वर्षातल्या बावन्न रविवारांत आहे, आणि तो तुम्ही कष्टानं, कंबर मोडेपर्यंत, प्रेमापोटीच करत आलात. आपल्याला शिकवलंच तसं आहे. देवाची भांडी असोत की पाण्याचं पिंप, रिकामं करायचं, घासायचं, पालथं घालायचं, भरायचं. माशाच्या टाकीत नेमकं तेच करायचं नसतं, हे विकणाऱ्यानं सांगायला हवं होतं.

माझाही एक हिशेब राहिलाय, तो सांगून टाकतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक ब्लॅक मूर होता, बटबटीत डोळ्यांचा काळा गोल्डफिश. त्याची शेपटी एका बाजूनं फाटली. मी ऐकीव माहितीवर पोटॅशियम परमँगनेटचे खडे अंदाजानं पाण्यात टाकले. पाणी छान जांभळं झालं तसा मी खूश. रात्री तो वर येऊन तोंड उघडत होता, मला वाटलं औषध लागू पडतंय. सकाळी तो गेला होता. शेपटी मात्र तेवढीच फाटकी होती, एक रेघसुद्धा वाढली नव्हती.

तर, आता करायचं काय.

किल्ला आजच बाहेर काढा. पुन्हा ठेवायचा की नाही हे ठरवण्याची सोपी रीत आहे: जुनी शिफॉनची ओढणी त्याच्यावरून सगळ्या बाजूंनी फिरवा. कुठे अडकली, धागा निघाला, तर तिथे माशाचा पर, म्हणजे पोहायचा पंखही, फाटणार. प्लास्टिकची टोकदार झाडंही याच परीक्षेत नापास होतात.

पाणी रोज सगळं बदलू नका. पुढचा आठवडाभर एक दिवसाआड फक्त दहा-बारा लिटर, म्हणजे साधारण चौथा हिस्सा बदला. नळी लावून तळाची घाण ओढून घ्या, तेवढंच पाणी कमी होऊ दे. मासे टाकीतच राहतील. जाळीची गरजच नाही. नवं पाणी आदल्या दिवशी रुंद तोंडाच्या बादलीत भरून उघडं ठेवा, शक्य असेल तर त्यात हवेच्या पंपाची एक नळी सोडा. बरचसं क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात क्लोरीन काढायचे थेंब मिळतात, त्यात बहुतेक सोडियम थायोसल्फेट असतं. बाटलीवरच्या मापानं घाला. बादली घरातच ठेवली की पाण्याचा गारवाही टाकीतल्याशी जुळतो. बादली मात्र वेगळी ठेवा, साबण कधीच न लागलेली.

स्पंजाला या महिन्यात हात लावू नका. प्रवाह फारच मंदावला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा हलका दाबा, बास. तो मळकट तपकिरी दिसेल आणि तुमचे हात शिवशिवतील. दिसू दे. पंप चोवीस तास चालू हवा. तुमच्या पत्रात नाही, पण आपल्याकडे बऱ्याच घरांत आवाज होतो म्हणून तो रात्री बंद करतात. फिल्टरमधल्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो, आणि जखमी माशालाही. आवाज त्रास देत असेल तर पंपाखाली जुन्या टॉवेलची घडी ठेवा.

खाणं निम्मं करा. दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि आठवड्यातून एक दिवस उपास घडला तरी गोल्डफिशचं काही बिघडत नाही. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं थेंबांचं किट मिळतं. या सगळ्या प्रकरणात पैसे खर्च करायचेच असतील तर औषधावर नको, त्यावर करा. दोन्ही आकडे शून्य हवेत. शून्य नसतील तर त्या दिवशीही चौथा हिस्सा पाणी बदला.

आणि मीठ. इथे दुकानदार-सासूबाई-दीर यांच्यापैकी कुणीच न सुचवलेली गोष्ट मी सुचवतोय, म्हणून कारण सांगतो. काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं आणि साध्या पाण्यात टाकलेला मनुका फुगतो, हे आपण रोज बघतो. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे तो मनुका. त्याच्या रक्तात लिटरमागे साधारण नऊ ग्रॅम मिठाइतके क्षार, बाहेर जवळजवळ काहीच नाही. म्हणून पाणी सतत आत शिरत राहतं आणि तो ते सतत लघवीवाटे बाहेर टाकत राहतो. कातडी फाटली की तिथून पाणी आणखी शिरतं आणि क्षार बाहेर झिरपतात. बाहेरच्या पाण्यात थोडं मीठ असलं की हा ताण हलका होतो, आणि तीच ताकद जखम भरण्याकडे लागते. मीठ जखम बरी करत नाही, माशाचं ओझं कमी करतं.

प्रमाण लिटरला एक ग्रॅम. टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा, हजारानं भागा: लिटर मिळाले. तुमची ६० बाय ३०, पाणी २७ पर्यंत धरलं तर ४८ च्या वर येतात. खडे वजा जाता ४५ धरा. म्हणजे ४५ ग्रॅम साधं खडे मीठ, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून. चमच्याच्या अंदाजावर जाऊ नका. टाकीच्याच पाण्यात तांब्याभर विरघळवून, तीन भाग करून, दिवसभरात थोडं थोडं सोडा. खडा थेट टाकीत टाकायचा नाही, मासा तो तोंडात घेतो किंवा त्यावर जाऊन बसतो. मीठ उडून जात नाही, त्यामुळे दहा लिटर पाणी बदललं तर दहाच ग्रॅम परत घालायचं. आठपंधरा दिवसांनी मीठ घालणं थांबवा. पुढच्या पाणीबदलात ते आपोआप उतरत जाईल. कायमचं मीठ ठेवायची गरज नाही.

पेढ्याला वेगळं ठेवायचं का? उरलेले दोघे जखमेला टोचत नसतील तर नको. कळपातला मासा आहे, नव्या टबात एकटा पडला की बावरतो, आणि टबात नेण्यासाठी पुन्हा जाळी आलीच. टोचत असतील तर पारदर्शक डबा पाण्यात बुडवून त्याला हळूच त्यात वळवा आणि पाण्यासकट उचला. खरं तर यापुढे जाळी वापरूच नका. ओरांडासारख्या लांब पराच्या, डोक्यावर मांसल टोप असलेल्या माशाला डबाच बरा.

रोज एकाच वेळी, एकाच बाजूनं जखमेचा फोटो काढा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोत कळतो. गुलाबीपणा चारपाच दिवसांत ओसरत जाईल, त्यावर पातळ पांढुरकं अस्तर दिसेल. खवले यायला काही आठवडे लागतील, कधी दोनतीन महिनेही. नवे खवले थोडे वाकडे, कमी चमकदार आले तर चालतं.

चिंता कधी करायची? लाली पसरत गेली, खड्डा पडला, पर अंगाला मिटून तो कोपऱ्यात बसला, दोनतीन दिवस जेवला नाही, कल्ले भराभर हलायला लागले, किंवा अंगाचे खवले अननसासारखे उभे राहिले, तर थांबू नका. जखमेवर पिंजलेल्या कापसासारखे, पाण्याबरोबर हलणारे तंतू आले तर ती बुरशी; तेव्हा कपाटातली निळी बाटली, पण वेगळ्या टबात, हवेची नळी लावून, लेबलावरच्या मापानं. कापसाऐवजी करडा-पांढरा सपाट साका दिसला, कडेला पिवळसर झाक असली आणि तो दिवसादिवसाला पसरत असला, तर तो जिवाणूंचा रोग असू शकतो. त्यात पाणी गरम करायची चूक करू नका, तो उबेत आणखी फोफावतो. इथे मात्र जाणकाराला दाखवायलाच हवं. कुत्र्यामांजराच्या प्रत्येक डॉक्टरला माशांतलं कळतंच असं नाही. पण रत्नागिरीजवळ शिरगावला, नागपूरला आणि उदगीरला मत्स्य महाविद्यालयं आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. तिथे माशांच्या रोगांवर काम करणारी माणसं असतात. फोटो हाताशी ठेवून चौकशी करायला लाजू नका.

गोल्डफिश नसलेल्या वाचकांसाठी दोन शब्द. फायटर आणि गप्पी यांची बहुतेक 'जखम' म्हणजे फाटलेला पर. मुळाशी शाबूत असेल तर तो पुन्हा येतो. फायटरला फिल्टरच्या जोरदार प्रवाहाचा आणि प्लास्टिकच्या पानांचा त्रास होतो, हे आधी बघा. फिल्टरच्या तोंडाला चिकटून जखमी झालेल्या लहान माशांसाठी तोंडावर स्पंजाचं टोपण बसवा. तळाशी फिरणारे कोरीडोरास आणि लोच यांना मीठ फारसं सोसत नाही, खऱ्या पाणवनस्पतींनाही नाही. तिथे मिठाशिवाय, नुसत्या पाण्यावर भर द्या. मॉलीला मात्र मीठ मानवतं. काचेवर धडका देणाऱ्या फ्लॉवरहॉर्नच्या डोक्याला औषध लावण्याआधी त्याला काचेत दिसतंय काय ते तपासा, बरेचदा स्वतःचंच प्रतिबिंब असतं.

राहिला तुमच्या ह्यांचा प्रस्ताव. पैशाचं त्यांचं गणित बरोबर आहे, पण मासा किती वर्षांचा सोबती असतो हे त्यात धरलेलं नाही. नीट ठेवलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडमधल्या एका घरात १९५६ साली जत्रेत जिंकून आणलेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत जगला, म्हणजे त्रेचाळीस वर्षं. पेढा तुमच्या मुलाच्या दहावी-बारावीपर्यंत सोबत असू शकतो. (त्यासाठी पुढेमागे मोठी टाकी लागेल, तीन गोल्डफिशना दोन फूट कमीच पडतात. पण हे आत्ता नको.)

आणि पोराला कळणार नाही, हे तर मुळीच नाही. नऊ वर्षांच्या मुलाला त्याच्या माशाचा एकेक ठिपका पाठ असतो. त्याला खरं सांगा: आईच्या हातातून निसटला, लागलं, आता आपण बघू. तो विचारेल, त्याला दुखतं का? 'नाही' म्हणून वेळ मारून नेऊ नका. २००३ साली ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी रेनबो ट्राउट माशांच्या ओठांना झोंबणारं द्रव्य टोचलं, तेव्हा ते मासे खाणं टाळू लागले आणि ओठ खड्यांवर घासू लागले. वाद अजून आहेत, पण 'दुखत असावं' एवढं मुलाला खुशाल सांगता येतं. फोटो काढायचं आणि मीठ तोलायचं काम त्यालाच द्या. दहा लिटर काढले तर मीठ किती, हा हिशेबही त्यालाच करू द्या.

एक शेवटचं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जखमेच्या कडेला काळसर झाक दिसेल, एखादा ठिपका अगदी शाईसारखा काळा असेल. भरून येणाऱ्या कातडीत गोल्डफिशला असा रंग पुष्कळदा उतरतो आणि पुढे आपणहून फिका पडतो. ताई, तुमचा स्वभाव आता मला थोडा कळलाय म्हणून सांगतो: तो डाग घासून काढायला जाऊ नका.